दोन भाकऱ्या जास्त

बाई,

टक्. तुमच्या चष्म्याची डबी मिटायची, तो हा आवाज. काळी, पत्र्याची, कडेचे पोपडे निघालेली डबी. तुम्ही आमच्या वह्या वाचत असायचात तोवर ती टेबलावर उघडी पडलेली असायची. एखाद्याचं लिहिलेलं मनापासून आवडलं की तुम्ही चष्मा काढायचात, तो डबीत ठेवायचात आणि झाकण लावायचात. आज यापुढे दुसरं काही वाचायचं नाही, असा त्याचा अर्थ, आणि तो सगळ्या वर्गाला ठाऊक होता. तोंडाने शाबासकी तुम्ही कुणाला दिल्याचं मला आठवत नाही. ती टक् वर्षातून तीन-चार वेळा ऐकू यायची, बस्स. आता माझी पंचाहत्तरी उलटली, बायकोची हाक मला दोनदा मारल्याशिवाय ऐकू येत नाही, पण तो आवाज अजून इतका स्वच्छ येतो की कपाटात कुठे डबी राहिलीय की काय असं वाटून मी मागे वळून बघतो.

आज रविवार, दुपारचे चार वाजलेत. सहाला आमच्या कॉम्प्लेक्सच्या बागेत माझा सत्कार आहे. शाल, श्रीफळ, वर डोंबिवलीच्या पद्धतीप्रमाणे सगळ्या पदाधिकाऱ्यांच्या चेहऱ्यांचा फ्लेक्स. ज्या गोष्टीसाठी सत्कार आहे ती मी केलेली नाही. हे मी इथे कुणाला सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय.

सुरुवात तुम्हाला माहीत आहेच. तरी मला सांगू द्या, कारण मधली साठ वर्षं मी ती माझ्याच बाजूने सांगत आलो. सातवीचा वर्ग. मी तुमचा लाडका होतो अशी माझी समजूत. पुस्तकातली प्रत्येक कविता मला पाठ, चालीसकट. तुम्ही एक ओळ म्हणायचात आणि दुसरी ओळ वर्गाच्या आधी माझ्या तोंडून निघायची. अक्षर मोत्यासारखं म्हणून पोरं मला मोत्या म्हणत. हे कुत्र्याचंही नाव आहे हे मला कळत नव्हतं असं नाही, पण तुम्ही एकदा हसून ‘मोत्या, फळ्यावर सुविचार लिही’ म्हणालात आणि त्या दिवसापासून मला ते नाव बिरुदासारखं वाटायला लागलं. तिसऱ्या बाकावर तो बसायचा. खाडीपलीकडून, कळव्याहून, पुलावरून चालत यायचा. बाप मिठागरावर कामाला. त्याच्या पायाच्या भेगांत कायम पांढरं काहीतरी असायचं. त्याचं अक्षर म्हणजे चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, पळत सुटल्यासारखं, आणि कविता म्हणायला उभा केला की तो खिडकीबाहेर बघायचा. मी त्याला मनात कुठे जागाच दिली नव्हती.

मग त्या देशात धरणीकंप झाला. देशाचं नाव तुम्हाला ठाऊक आहे, नकाशात ते शोधायला तुम्ही मलाच उठवलं होतंत. तुम्ही पेपरातली बातमी वाचून दाखवलीत आणि म्हणालात, तिथेही शाळा होत्या, तिथेही सातवीचे वर्ग होते, उद्या प्रत्येकाने त्यांना पत्र लिहून आणायचं. सगळ्यांत चांगलं असेल ते आपण खरोखर पाठवू, इंग्रजीचे सर त्याला भाषांतर जोडतील.

त्या संध्याकाळी मी जेवलो नाही, पत्रच लिहीत होतो. वसुंधरा कोपली होती, सूर्य थबकला होता, चंद्राने मेघांचा पदर डोळ्यांना लावला होता, आणि शेवटी माझ्या अश्रूंचा एक निर्झर होता, जो साता समुद्रांपार जाणार होता. सकाळी तुम्ही माझी वही आधी घेतलीत. वाचलीत. डबी उघडीच राहिली. तुम्ही म्हणालात, ‘‘यात सूर्य आहे, चंद्र आहे, तू आहेस. मेलेलं माणूस कुठे आहे रे?’’ वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या बाकाची वही शेवटाकडे आली. ते पत्र मी आज न बघता लिहू शकतो. असं होतं:

‘तुमच्या गावाला धरणीकंप झाला हे आम्हाला बाईंनी सांगितलं. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, म्हणजे त्यांच्या चुली पेटल्या नसतील. आमच्याकडे ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात चूल पेटवत नाहीत. शेजारचे भाकरी घेऊन जातात आणि घरातले जेवेपर्यंत उठत नाहीत. तुमचं घर लांब आहे. आमची होडी खाडीच्या बाहेर जात नाही. म्हणून आईने काल दोन भाकऱ्या जास्त थापल्या आणि मिठागरावर लांबून कामाला आलेल्या माणसांना दिल्या. तुम्हाला कोणी भाकरी आणून दिली तर ती आमची समजा. रडू आलं तर रडा. पण जेवा.’

तुम्ही चष्मा काढलात. डोळे पुसले नाहीत, नुसता काढलात. आणि टक्. मागच्या बाकांच्या वह्या तशाच राहिल्या.

पुढचा भाग मी बायकोलाही कधी सांगितलेला नाही. त्याच्या चिंबोऱ्या कुणाला वाचता येणार नाहीत म्हणून ते पत्र चांगल्या अक्षरात उतरवायचं काम तुम्ही मला दिलंत. मधल्या सुट्टीत, रिकाम्या वर्गात बसून मी ते उतरवलं आणि उतरवता उतरवता थोडं सजवलं. ‘आमची हृदये विदीर्ण झाली’ असं एक वाक्य घातलं, भाकरीच्या आधी ‘प्रेमाची’ असा शब्द घातला. तुम्ही तो कागद वाचलात, चार तुकडे केलेत आणि माझ्याकडे नवा कागद सरकवलात. ‘‘भाकरीला वर्ख लावतात का रे? जशी आहे तशी दे. आणि खाली त्याचं नाव घाल.’’ मी पुन्हा लिहिलं. दोन ठिकाणी शाई फुटली म्हणून तिसऱ्यांदा लिहिलं. म्हणून ते मला पाठ. तुमच्या कवितांइतकंच, किंबहुना जास्त. कागद मी परस्पर इंग्रजीच्या सरांकडे नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला शाईची एक नवी दौत दिलीत. इतर कुणालाही तुम्ही कधी काही दिलं नव्हतंत, तरी मला ती बक्षीस वाटली नाही, कारकुनाची बिदागी वाटली. मी तिचं बूच कधीच काढलं नाही.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी तुम्हाला त्याच्याबरोबर पुलाकडे जाताना पाहिलं. मी मागून आलो. पुलाच्या मध्यापर्यंत आलो आणि तिथे थांबलो. खाली ओहोटीचा काळा चिखल, पलीकडे मिठाचे ढीग, उन्हात डोळ्यांना बोचतील असे पांढरे, आणि त्यांच्या मधल्या बांधावरून तुम्ही चाललायत, निऱ्या एका हातात वर धरून, आणि तो पुढे पुढे पळतोय. मी अजून त्या पुलावर उभा आहे असं मला कधी कधी वाटतं. सोमवारी त्याने सगळ्यांना सांगितलं. त्याच्या आईने म्हणे तुम्हाला हात धरून खाली बसवलं, ‘बाय, जेवल्याबिगर जावाचा नाय’ म्हणाली, आणि तुम्ही चुलीपाशी मांडी घालून दोन भाकऱ्या खाल्ल्यात. दोन! आमच्या घरी तुम्ही एकदाच आलात, हळदीकुंकवाला, आणि माझ्या आईने एवढा आग्रह करूनही उभ्या उभ्या दूध घेऊन गेलात. मी आईला नंतर कितीदा विचारलं असेल की आपण भाकरी का करत नाही.

महिना-दोन महिन्यांनी तिकडून उत्तर आलं. त्यावरचं चित्र तुम्हाला आठवत असेल, एक पडलेली भिंत आणि तिच्यापुढे पंगतीला बसलेली मुलं. उत्तर ‘सातवीच्या सर्व विद्यार्थ्यांना’ होतं. तुम्ही पाकीट उलटसुलट करून पाहिलंत, एकदा माझ्याकडे पाहिलंत, आणि ते फलकावर लावून टाकलंत. उन्हाने उडून जाईपर्यंत ते तिथे होतं. तो रोज त्याच्यासमोरून जायचा, बाकी सगळ्यांसारखा.

मोठेपणी मी तुम्हाला एकदाच भेटलो. कल्याणला, तुमच्या भावाच्या घरी, निवृत्तीनंतर. मी माझ्या कवितांचं बाड घेऊन आलो होतो, कापडी पिशवीत. तुम्ही स्वयंपाकघरात चहा टाकत होतात, मी दारात वेताचा मोडा घेऊन बसलो होतो. आलं किसता किसता तुम्ही विचारलंत, ‘‘तो मिठागराचा मुलगा काय करतो रे?’’ मी म्हणालो, कल्पना नाही. कल्पना होती, बाई. तेव्हा तो कळव्याला भाजीचा मळा करत होता, मी त्याला मार्केटात पाहिलं होतं आणि खांबाआड झालो होतो. तुम्ही म्हणालात, ‘‘त्याची आई भाकरी इतकी पातळ थापायची, उजेडाला धरली तर पलीकडचं दिसावं.’’ आणि पातेल्यात बघत राहिलात, दूध उतू जाईपर्यंत. मी पिशवी न उघडता परत आलो. पुढच्या दोनेक वर्षांत तुम्ही गेलात. ती बातमी मला पंधरा दिवस उशिरा कळली, आणि खरं सांगतो, पहिला विचार मनात आला तो असा की त्याला आधी कळली असेल का.

त्याच्या बाकी कशाचाही मी हेवा केला नाही. पुढे खाडीकाठच्या जमिनींचं सोनं झालं, त्याच्या मळ्यावर टॉवर उभा राहिला, त्याचा मुलगा पांढऱ्या गाडीतून फिरतो असं ऐकलं. त्याचं मला काही वाटलं नाही. थोडं वाटलं. पण रात्रीचं जेवण उतरत नाही असं नाही वाटलं. तसं फक्त त्या टक्बद्दल वाटत आलं.

तर गेल्या महिन्यात त्याच देशात पुन्हा धरणीकंप झाला. आता बातमी वाचून दाखवावी लागत नाही, सगळं डोळ्यांपुढेच पडतं. आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याने बागेत मेणबत्त्या लावल्या, दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं, त्यातलं एक मिनिट माइक नीट करण्यात गेलं. मग अध्यक्ष म्हणाले, त्यांच्या मुंबईतल्या वकिलातीला एक पत्र पाठवू या, आपल्या भाषेत, माझी सून इंग्रजी करून जोडेल. आणि माझ्याकडे वळून, ‘‘कविराज, तुमचं काम. दोन अश्रू जास्त पडले तरी चालतील हो.’’

मी तीन सकाळी बसलो. बाई, साठ वर्षांत मी एवढं वाचलं, एवढं पाठ केलं, आणि हाताखालून पुन्हा तीच वसुंधरा आली. सूर्यसुद्धा आला, थबकलेला. मी प्रत्येक कागद फाडताना तुमचा प्रश्न ऐकत होतो, मेलेलं माणूस कुठे आहे रे. चौथ्या सकाळी मी लिहिलं, तुमच्या गावाला धरणीकंप झाला. आणि मग हात थांबला नाही. होडी, मिठागर, दोन भाकऱ्या, सगळं जसंच्या तसं, मोत्यासारख्या अक्षरात. फक्त ‘आम्हाला बाईंनी सांगितलं’ याच्या जागी ‘आम्ही बातम्यांत पाहिलं’, ‘मी आईला सांगितलं’ याच्या आधी ‘लहानपणीही एकदा असंच झालं होतं, तेव्हा’ आणि ‘काल’च्या जागी ‘त्या रात्री’. आई होती ती आईच ठेवली. कुणाची ते कुठे लिहिलेलं नव्हतंच. खाली माझी सही केली.

कट्ट्यावर ते वाचलं गेलं तेव्हा समोरच्या बाकावरच्या एक आजी पदराने डोळे टिपायला लागल्या. अध्यक्षांनी विचारलं, तुमच्या मातोश्री मिठागरापाशी राहायच्या का? मी म्हणालो, हो, कळव्याला, फार पूर्वी. एक खोटं पचलं की दुसरं किती सहज येतं. बायको शेजारीच होती. घरी आलो. मग चपला काढता काढता म्हणाली, ‘‘सासूबाई कळव्याच्या नव्हेत, नौपाड्याच्या. भाकरी थापता यायची नाही त्यांना, पोळपाटावर लाटायच्या. मीच शिकवली.’’ आणि आत निघून गेली. तेव्हापासून ती मला विचारत नाही आणि मी सांगत नाही, आणि दोघांनाही जेवताना पाणी जास्त लागतं.

वकिलातीचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलंय की ते पत्र त्यांनी तिकडे पाठवलं, आणि एका छावणीत जेवणाच्या तंबूवर त्यातले शेवटचे दोन शब्द त्यांच्या भाषेत करून लावलेत. ‘पण जेवा.’ बाई, हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता की नाही? दूरच्या परक्या मुलखात कुणी तो घास तोंडात घेतला असेल. मला काय झालं सांगू? हेवा. पुन्हा तोच. माझ्या सहीचं पत्र, माझ्या नावाने आलेलं उत्तर, आणि मी उजेडाला धरून बघतोय तर पलीकडे तोच दिसतोय, बांधावरून पळणारा. अध्यक्षांच्या सुनेने सगळं मोबाइलवर टाकलं, पत्र, उत्तर, माझं नाव, आमच्या कॉम्प्लेक्सचा पत्ता, आजचा सत्कार. ते कुठे कुठे फिरतंय मला माहीत नाही. मला पुण्याहून भाच्याचा फोन आला, मामा, आम्हाला ठाऊकच नव्हतं.

आता तुम्हाला जे सांगायचं ते. सातवीतल्या त्या तिसऱ्या कागदावर मी त्याचं नाव घातलं नव्हतं. तुम्ही सांगितलं होतंत, मी विसरलो नव्हतो. नावासाठी खाली जागा सोडली होती. ती मी बघत बसलो, घंटा होईपर्यंत, आणि मग तिथे ‘सातवीचे सर्व विद्यार्थी’ असं लिहिलं, सुंदर अक्षरात, आणि कागद तुम्हाला न दाखवता सरांकडे नेला. त्यांनी तसंच भाषांतर केलं. म्हणून उत्तर सगळ्यांना आलं. म्हणून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. कळलं होतं ना तुम्हाला? दौत तर त्याच्या आधीच दिली होतीत, परत कशी मागणार. पहिल्यांदा मी त्याचं नाव पुसून सगळ्यांचं घातलं, आणि साठ वर्षांनी सगळ्यांचंही पुसून माझं.

सहाला मी माइकपुढे उभा राहून हे सांगायचं असं सकाळपासून घोकतोय. पहिलं वाक्य पाठ केलंय. पण मी स्वतःला ओळखतो, बाई. शाल अंगावर पडली की मी एखादी कविता म्हणेन.

बेल वाजली. बायको गेली दार उघडायला. अध्यक्ष असतील, मला न्यायला, लवकर आलेत.

अध्यक्ष नाहीत. आवाज मोठा आहे, ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा असतो तसा, इथपर्यंत स्वच्छ येतोय. ‘‘मोत्या हाय का घरान?’’ हे नाव घेणारं आता कुणी उरलेलं नाही, एक सोडून. त्याला ऐकू जावं म्हणून बायकोही मोठ्याने विचारतेय, कोण मोत्या, आपण कोण. तो सांगतोय, मी याचे वर्गानला, कलव्याचा. नातीने मोबाइलवर वाचून दाखवला.  मला वाटलं, आता येईल ते, भांडण, शिवी, निदान एक ‘का रे’. आणि तो बायकोला म्हणतोय, ‘‘आयेला जाऊन चालीस वरसा झाली. भावंडांनापन याद नाय. तिची भाकर अजून कोनाचे ध्यानान हाय, म्हनून आलो गो बाय, बघाला.’’

बायकोने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, बसा, बोलावते त्यांना. आणि मग, मला ऐकू जाईल अशा आवाजात, जेवल्याशिवाय जायचं नाही हं.

हे पान मी रद्दीच्या गठ्ठ्याखाली सरकवणार आहे. बाहेर जाऊन काय बोलायचं ते मला ठाऊक आहे, पाठ केलेलं वाक्य आहेच, ते सहाऐवजी आताच म्हणावं लागेल आणि माइकशिवाय. पण एक तुम्हाला सांगून जातो. त्याचा आवाज ऐकला तेव्हा मला आधी लाज वाटली नाही. आधी वाटलं, आई गेल्यावर चाळीस वर्षांनीसुद्धा तिच्या भाकरीसाठी जिने चढून येतो हा माणूस. हेही मला त्याच्यासारखं कधी जमणार नाही.